मुलींची निराळी शाळा

घरांतील मुलगी दहा वर्षांची झाली म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमारास एक प्रश्न रोज जेवणाच्या वेळीं पुढें येऊं लागतो. चवथी इयत्ता संपली. आतां पुढें कोठें? मागल्या वर्षीं तो आमच्याहि घरीं आला. आमच्या घरापासून जवळच नगरपालिकेची मुलींची शाळा आहे, पांचवीपासून आठवीपर्यंतची. तिच्यापलीकडे थोडें चालून गेलें म्हणजे मुलगे व मुली एकत्र शिकतात अशी दुसरी शाळा लागते. मुलीच्या आजीचा कौल पहिल्या शाळेस, आईचा दुसरीस. आजीचें म्हणणें, मुलगी तेथें निर्धास्त राहील. आईचें म्हणणें, मुलगी तेथें मागें राहील. जिच्याविषयीं हा खल चालला होता ती मात्र दोघींचें ऐकून घेऊन आम्हांस विचारती झाली, "पण बाबा, मुलींची शाळा निराळी काढलीच कशाला ?"

आम्हांस चटकन् उत्तर सुचलें नाहीं. तेव्हां शाळेची इमारत, निकाल व शिक्षक यांची चौकशी करण्यापूर्वीं या पोरीच्या प्रश्नाचा माग काढावा असें आम्हीं ठरविलें. माग काढतां काढतां असें दिसून आलें कीं, आजीची भीति व आईची शंका या दोन्ही शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं पुण्याच्या भर पेठेंत एकमेकींसमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि शाळा पारखण्याची एक चांगली कसोटी त्या जुन्या वादांतच पडून आहे. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हाच प्रश्न केव्हांना केव्हां येतो, म्हणून तो सारा माग येथें मांडीत आहों.

आपल्या प्रांतांत मुलींच्या शाळांचा आरंभ मिशनऱ्यांनीं केला. अमेरिकन मिशननें मुंबईंत १८२४ सालीं मुलींची शाळा काढली. परंतु येथल्या माणसांनीं स्वतःच्या उमेदीनें काढलेल्या शाळांचा विचार करूं लागलें म्हणजे १८४८ सालापाशीं थांबावें लागतें. त्या सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा सुरू केली. पुढच्याच वर्षीं मुंबईंत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुण विद्वानांच्या सभेनें मुलींसाठीं शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजी या उद्योगांत अग्रभागीं होते.

या पहिल्या शाळा केवळ मुलींच्या कां होत्या, याचें उत्तर अवघड नाहीं. मुलग्यांच्या शाळेंत मुलगी पाठविण्यास कोणी गृहस्थ तयार होण्यासारखा नव्हता. त्या वेळीं निराळ्या शाळेखेरीज दुसरी वाटच नव्हती, आणि या एकुलत्या वाटेवर पहिला अडसर शिक्षकाचा होता. परक्या पुरुषापुढें मुलगी बसविण्यास आईबाप नाखूष. शिकलेली स्त्री तर शोधून सांपडेना. जोतीरावांनीं आपल्या पत्नीस, सावित्रीबाईंस, घरीं शिकवून शिक्षिका केलें तें या गरजेंतून. शाळेस जातांना लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकीत, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वांच्या तोंडीं आहे. आमच्या घरच्या आजीची भीति त्याच रस्त्यावरून चालत आलेली आहे. वर्ग कितीहि चांगला असो, घराच्या उंबऱ्यापासून वर्गापर्यंतचें अंतर मुलीलाच कापावें लागतें. तें अंतर शाळेचाच एक भाग समजून पाहावें, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

फुल्यांच्या शाळांचें कौतुक सरकारनें १८५२ सालीं विश्रामबाग वाड्यांत जाहीर समारंभानें केलें. परंतु सत्कारानें शाळा चालत नाहींत, पैशानें चालतात. आणि पैशाची तजवीज नीट न झाल्यामुळें त्या शाळा फार वर्षें टिकूं शकल्या नाहींत. हा अनुभव जोतीराव विसरले नाहींत. १८८२ सालीं सरकारनें विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाची चौकशी करणारी समिति नेमली, तेव्हां तिच्यापुढें लेखी निवेदन करतांना त्यांनीं प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें आणि स्त्रियांच्या शिक्षणास अधिक सढळ हातानें मदत करावी, अशी मागणी केली. त्याच समितीपुढें पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. त्या त्याच वर्षीं पुण्यास आल्या होत्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना त्यांनीं केली होती. मुलींस शिकविणाऱ्या बायकांस आधीं स्वतः नीट तयार केलें पाहिजे, मुलींच्या शाळा तपासण्यास स्त्रिया नेमल्या पाहिजेत, आणि स्त्रियांस वैद्यकीचें शिक्षण मिळालें पाहिजे, असें त्यांनीं सांगितलें. या दोन निवेदनांचें वाचन एकत्र केलें म्हणजे सार्वजनिक शाळा कशास म्हणावें तें कळतें : खर्च सरकारचा, दार सर्वांस मोकळें, शिकविणारें माणूस तयार झालेलें, आणि देखरेख करणाऱ्यांत स्त्रियांचा आवाज.

दरम्यान १८८३ सालीं मुंबई विद्यापीठानें आपल्या पदव्या स्त्रियांस खुल्या केल्या. माडीचें दार उघडलें. पण माडीवर जाण्यास जिना कोठें होता? प्राथमिक शाळेपुढें हिंदु घरांतील मुलीच्या शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. तो जिना बांधण्यासाठीं महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित ही मंडळी पुढें आली. पुण्यास हिराबागेंत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढें सभा भरली आणि तींत रमाबाई रानडे यांनीं मुलींसाठीं हायस्कूल असावें, अशा मागणीचें इंग्रजी निवेदन वाचून दाखविलें. एका गृहिणीनें भरसभेंत, आणि तेंहि इंग्रजींत, वाचावें याचा घरच्या वडीलधाऱ्या बायकांस किती राग आला, तें रमाबाईंनीं पुढें १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. विरोध नेहमीं पुरुषांकडूनच आला असें मानणारांनीं तो भाग अवश्य वाचावा.

२९ सप्टेंबर १८८४ रोजीं ती शाळा सुरू झाली. पुढें ती ज्या जागेंत गेली ती पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची. म्हणून लोक तिला हुजूरपागा म्हणूं लागले आणि तेंच नांव आजहि चालतें. सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या औदार्याची खूण तिच्या पूर्ण नांवांत राहिली आहे. जेथें घोडे बांधीत तेथें मुली इंग्रजीचे धडे गिरवूं लागल्या. भिड्यांच्या वाड्यापासून हुजूरपागेपर्यंत पायीं जाण्यास फार वेळ लागत नाहीं. मुलींच्या शिक्षणास मात्र तेवढें अंतर कापावयास ३६ वर्षें लागलीं.

ही शाळा निराळी होती खरी, परंतु तिचा अभ्यासक्रम मुलग्यांच्या हायस्कुलाकडे दृष्टि ठेवून आंखलेला होता. तींत इंग्रजी होतें, मॅट्रिककडे जाणारी वाट होती, आणि शाळेची वेळ अकरा ते पांच अशी पुरी होती. वाद पेटला तो नेमका यावर. मुलींनीं अक्षर गिरवावें कीं नाहीं, यावर सुशिक्षितांत आतां फारसा मतभेद उरला नव्हता. त्यांनीं किती शिकावें व काय शिकावें, यावर तो होता. लोकमान्य टिळकांच्या 'मराठा' पत्रानें १८८७ सालीं या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. अकरा ते पांच ही वेळ घरच्या कामाच्या आड येते. मुलींस तीन तासांची शाळा पुरे. देशी भाषा, नीतिशिक्षण व शिवणकाम हे विषय त्यांस उचित. इंग्रजी विद्येनें त्यांचें घरांतील मन उडेल, असा त्या टीकेचा रोख होता.

लोकमान्यांविषयीं ज्यांच्या मनांत आदर आहे त्यांस हें वाचतांना संकोच वाटेल, आम्हांसहि वाटतो. परंतु इतिहास संकोचानें बदलत नाहीं. शिवाय ही टीका कांहीं एका माणसाची लहर नव्हती. हजारों घरांतील कर्त्या माणसांच्या मनांत जें होतें तेंच तींत छापलें गेलें. मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षीं सासरीं नांदावयास जाणार, तेथें तिला मॅट्रिकचा काय उपयोग, हा त्या घरांतील हिशेब होता. आणि त्या काळचीं लग्नाचीं वयें पाहिलीं तर तो हिशेब करणारीं माणसें दुष्ट होतीं असें म्हणवत नाहीं. त्यांना मुलगी शिकलेली हवी होती, पण शिक्षणानें तिच्या आयुष्याचा ठरलेला आंखीव रस्ता मात्र बदलायला नको होता.

या तीन तासांचा हिशेब आम्हीं सहज मांडून पाहिला. वर्षास शाळेचे २२० दिवस धरले तर रोजच्या तीन तासांनीं ६६० तास होतात. आजचा २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं वर्षास निदान २२० दिवस व १००० तास अध्यापन झालें पाहिजे असें सांगतो. मधले ३४० तास मुलीच्या आयुष्यांतून कमी झाले असते. ते कोठें गेले असते, हें सांगण्यास फार विद्वत्ता नको. आईची शंका ती हीच : शाळा निराळी म्हणतां म्हणतां ती उणी तर होत नाहीं ना ?

त्याच सुमारास टिळकांचे जुने सहकारी गोपाळ गणेश आगरकर यांनीं 'केसरी' सोडला आणि १८८८ सालीं 'सुधारक' काढला. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावें आणि तेंहि एकत्र द्यावें, असा पक्ष त्यांनीं धीटपणानें मांडला. त्यांच्या काळीं हें बोलणें बहुतेकांस वेडेपणाचें वाटलें असेल. येथें एक योगायोग ध्यानांत घेण्यासारखा आहे. टिळक व आगरकर ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत होते ती १८८४ सालींच, हुजूरपागेची शाळा निघाल्यानंतर थोड्याच दिवसांनीं, स्थापन झाली. आणि तिचें कॉलेज १८८५ सालीं उघडलें तें त्याच गव्हर्नर फर्ग्युसनच्या नांवानें. एका शहरांत एकाच हंगामांत मुलींच्या हायस्कुलाचा व मुलग्यांच्या कॉलेजाचा पाया पडला. पहिल्यांतून दुसऱ्यांत जातां येईल असा रस्ता राहील कीं नाहीं, यावर मुलींचें पुढील भवितव्य अवलंबून होतें.

एकत्र शिक्षणाच्या बाजूनेंहि अनुभव अगदींच नव्हता असें नाहीं. फ्रान्सिना सोराबजी यांनीं १८७६ सालीं पुण्यांत काढलेल्या व्हिक्टोरिया हायस्कुलांत मुलगे व मुली एकत्र शिकत. त्यांची कन्या कॉर्नेलिया हिनें डेक्कन कॉलेजांत मुलग्यांबरोबर शिकून पदवी घेतली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. परंतु तिनें वर्गांत येऊं नये म्हणून सहाध्यायी तिच्या तोंडावर दार लावून घेत, आणि परीक्षेंत कॉलेजांत पहिली आल्यावरहि विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति केवळ स्त्री म्हणून तिला नाकारण्यांत आली. तेव्हां एका बांकांवर बसविलें म्हणजे समान वागविलें, असेंहि नाहीं. एकत्र शाळेची निवड करणाऱ्या आईनें ही गोष्ट विसरूं नये.

पालक शाळा पारखतात तेव्हां त्यांच्या मनांत आणखी एक वस्तु असते, ती म्हणजे विश्वास. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें आणि पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणलें. विधवा मुलींस तेथें उत्तम शिक्षण मिळत असे. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील या भरंवशावर रानडे व भांडारकर यांच्यासारख्यांनीं त्याच्या सल्लागार मंडळांत नांवें दिलीं होतीं. तो भरंवसा मोडला असें वाटल्यावरून १८९३ सालीं मोठा गवगवा झाला. सल्लागारांनीं राजीनामे दिले आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा करण्याचें येथें कारण नाहीं. ज्या मुली परत गेल्या त्यांचें शिक्षण थांबलें, एवढें मात्र खरें. शाळेनें काय शिकवितों व काय शिकवीत नाहीं हें पालकांस मोकळेपणानें सांगावें, आणि पालकांनीं ऐकीव गोष्टींवर न जातां शाळेंत जाऊन पाहावें. दोहोंपैकीं एकानें जरी हें टाळलें तरी नुकसान मुलीचें होतें.

यानंतर धोंडो केशव कर्वे यांचें कार्य येतें. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, तो पुढें हिंगण्यास नेला, आणि १९१६ सालीं स्त्रियांचें निराळें विद्यापीठ स्थापिलें. त्या विद्यापीठाच्या पहिल्या कॉलेजांत पांच विद्यार्थिनी होत्या. जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांना ही स्फूर्ति झाली होती. मातृभाषेंतून उच्च शिक्षण देणें ही त्यांची कल्पना काळाच्या कितीतरी पुढची होती. परंतु त्याबरोबरच, बहुतेक स्त्रियांचें आयुष्य घरांत जाणार म्हणून त्यांच्या अभ्यासक्रमांत गृहजीवनास व आरोग्यास विशेष स्थान असावें, अशीहि त्यांची धारणा होती. अण्णासाहेबांच्या हेतूविषयीं कोणीहि शंका घेणार नाहीं. विधवेच्या हातीं पुस्तक देण्यासाठीं त्यांनीं जन्मभर पायपीट केली. तरीहि निराळी शाळा आणि निराळा अभ्यासक्रम या दोन वस्तु एक नव्हेत, हें त्यांच्या काळच्या टीकाकारांप्रमाणें आम्हांसहि म्हणावेंसें वाटतें. पहिलीमुळें कित्येक घरांतून मुली बाहेर पडल्या. दुसरीमुळें त्यांनीं कोठवर जावें याची सीमा आधींच आंखली जाण्याचा धोका होता.

या साऱ्या धाग्यांचा गोफ एका चरित्रांत पाहावयास मिळतो. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला. सात वर्षांच्या असतांना त्यांना शिक्षणासाठीं पुण्यास हुजूरपागेंत आणून ठेवलें. तेथून त्या फर्ग्युसन कॉलेजांत गेल्या आणि १९२६ सालीं बी. ए. झाल्या. लग्नानें त्या अण्णासाहेब कर्व्यांच्या सून झाल्या, कांहीं वर्षें त्यांनीं स्त्रियांच्या विद्यापीठांत प्रबंधकाचें कामहि केलें. पुढें त्या मानववंशशास्त्राच्या मोठ्या पंडिता म्हणून प्रसिद्धीस आल्या. फर्ग्युसन गव्हर्नरानें ज्या शाळेचें दार उघडलें तींतून निघालेली मुलगी त्याच्या नांवाच्या कॉलेजांत मुलग्यांच्या शेजारीं जाऊन बसली. १८८४ सालीं ज्या रस्त्याची शंका होती तो रस्ता उघडा राहिला होता. आणि तो उघडा राहण्याचें कारण, हुजूरपागेनें मुलींस तीन तासांची शाळा देण्याचें नाकारलें हेंच होय.

शाळा किती व काय देते हें जसें महत्त्वाचें, तसेंच ती कोणत्या वयापर्यंत देते हेंहि महत्त्वाचें आहे. सयाजीराव गायकवाड यांनीं बडोदें संस्थानांत १९०६ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. हिंदुस्थानांत तें पाऊल अपूर्व होतें. तरी त्या कायद्यांतहि सक्तीचें वय मुलग्यांस सात ते बारा व मुलींस सात ते दहा असें होतें. एवढा पुढारलेला राजा, पण मुलीच्या वांट्याचीं दोन वर्षें त्यालाहि सोडावीं लागलीं. फुल्यांनीं बारा वर्षें मागितलीं होतीं. १९२९ सालच्या सारडा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा केलें. आजचा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत शिक्षण देतो. दहा, बारा, चौदा : हे आंकडे ओळीनें मांडले म्हणजे कळतें कीं, ज्याला आपण आज पांचवी ते आठवी म्हणतों तीं वर्षें म्हणजे पूर्वीं मुलीला शाळेंतून काढून बोहल्यावर उभी करण्याचीं वर्षें होतीं. मधल्या शाळेचा एकेक वर्ग असा लढून मिळविलेला आहे. म्हणून या वर्गांची निवड आम्हांस साधी वाटत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर अभ्यासक्रमाचा वाद पुन्हां एकदां निघाला व मिटलाहि. हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें मुलगे व मुली यांच्यासाठीं निराळे अभ्यासक्रम असूं नयेत असा निर्वाळा दिला, आणि १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें तो उचलून धरला. निराळ्या शाळा मात्र राहिल्या, आणि त्यांची गरजहि राहिली. २००४ सालीं केंद्र सरकारनें कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयें काढलीं तीं याच साक्षीनें. शिक्षणांत मागें पडलेल्या तालुक्यांत सहावी ते आठवीच्या मुलींसाठीं या निवासी शाळा. त्यांतील निदान पाऊणशें टक्के जागा अनुसूचित जाति-जमाति, इतर मागासवर्ग व अल्पसंख्य समाजांतील मुलींस, उरलेल्या दारिद्र्यरेषेखालील घरांस. जेथें घरापासून शाळेचा रस्ताच लांब व निर्जन आहे, तेथें त्या रस्त्यावर हा उपाय आहे. ज्या मुलीपुढें निराळी शाळा अथवा मुळींच शाळा नाहीं अशी निवड असते, तिच्यापुढें एकत्र शिक्षणाचें तत्त्वज्ञान सांगणें क्रूरपणाचें होईल.

पण ज्याच्यापुढें दोन्ही वाटा मोकळ्या आहेत त्यानें काय करावें ? मुलींच्या शाळेंत मुली अधिक चमकतात, असें पुष्कळांचें मत असतें. अमेरिकेंतील तीन मानसशास्त्रज्ञ विदुषींनीं २०१४ सालीं एकवीस देशांतील १८४ अभ्यास व त्यांतील सोळा लाख विद्यार्थी यांचा एकत्र विचार केला. जे अभ्यास घरची स्थिति, प्रवेशाची निवड वगैरे गोष्टींचा नीट हिशेब घेऊन केले होते, त्यांत निराळ्या शाळेचा फायदा अगदीं किरकोळ किंवा नाहींच असें त्यांना आढळलें. याचा अर्थ निराळी शाळा वाईट असा होत नाहीं. मुलगे नसणें हा कांहीं शाळेचा गुण नव्हे आणि दोषहि नव्हे. गुणदोष इतरत्र शोधावे लागतात, इतकेंच.

हें सारें मनांत घेऊन आम्ही एके दिवशीं त्या नगरपालिकेच्या शाळेंत गेलों. रस्ता पायीं चालून पाहिला. तो वाहता व उजेडाचा आहे. मुख्याध्यापिकाबाईंनीं स्वागत केलें व सर्व इमारत दाखविली. पाणी होतें, स्वच्छतागृहें होतीं व त्यांची दारें आंतून लागत होतीं. मुलींच्या शाळेंत ही बाब क्षुल्लक समजूं नये. वेळापत्रकांतील तास आम्हीं मोजले, ते पुरे भरले. कायद्याप्रमाणें या वर्गांस विज्ञान-गणितासाठीं एक, सामाजिक शास्त्रांसाठीं एक व भाषांसाठीं एक असे शिक्षक लागतात, तेहि होते. मग शिवणाच्या खोलींत गेलों. यंत्रें ओळीनें मांडलेलीं, पुसून चकचकीत. शेजारीं विज्ञानाची खोली होती. तिला कुलूप होतें. किल्ली येईपर्यंत पाऊण तास गेला. आंत कपाटांत सूक्ष्मदर्शक यंत्र होतें, त्याच्या मूळच्या पेटींत, मूळच्या दोऱ्यानें बांधलेलें. "तपासणीच्या वेळीं काढतों," बाई म्हणाल्या, "मुली हाताळतील तर मोडेल."

आम्हांस १८८७ सालाची आठवण झाली. बाईंचा हेतु वाईट नव्हता. सार्वजनिक वस्तु जपावी ही त्यांची काळजी खरी होती. पण शिवणयंत्र मोडण्याची भीति त्यांना वाटत नव्हती आणि सूक्ष्मदर्शक मोडण्याची वाटत होती, एवढ्यांत जुना वाद सगळा शिल्लक होता. तीन तासांची शाळा कायद्यानें गेली. तिची सांवली कुलपांत राहिली होती.

घरीं येऊन दोघींस सर्व हकीकत सांगितली. आजी म्हणाल्या, "मग दुसऱ्या शाळेंत पाहा." दुसरी शाळाहि पाहिली. तेथें प्रयोगाची खोली उघडी होती, आणि तासाला यंत्राभोंवतीं मुलग्यांचें कडें होतें; मुली मागें उभ्या राहून वहींत आकृति उतरून घेत होत्या. आईस आम्हीं तेंहि सांगितलें. त्या रात्रीं जेवतांना बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

अखेर मुलीचें नांव मुलींच्या शाळेंत घातलें. परंतु तें घालतांना एक गोष्ट ठरवून घातलें. शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिति दिली आहे. तींत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. १८८२ सालीं पंडिता रमाबाई शाळा तपासण्यास स्त्रिया मागत होत्या. आज ती जागा मुलीच्या आईला मोकळी आहे, आणि बहुतेक आयांस तिचा पत्ताहि नाहीं. आमच्या घरच्या आईनें तींत नांव दिलें, आणि पहिल्याच सभेंत सूक्ष्मदर्शकाची पेटी कां उघडत नाहीं तें विचारलें. मुख्याध्यापिकाबाई प्रथम रागावल्या, मग हंसल्या, मग म्हणाल्या कीं मोडल्यास दुरुस्तीस पैसे कोठून आणूं. हा त्यांचा प्रश्नहि रास्त होता. समितीनें दुरुस्तीची तरतूद लिहून घेतली.

म्हणून या विषयांत आमचें सांगणें थोडक्यांत असें. शाळा निराळी कां एकत्र, हें आधीं ठरवूं नये. घरापासूनचा रस्ता चालून पाहावा, तास मोजावे, कोणत्या खोलीस कुलूप आहे तें पाहावें, आठवीनंतर तेथल्या मुली कोठें जातात तें विचारावें, आणि शाळेच्या समितींत जाऊन बसावें. मुलींस जें इतरत्र मिळतें त्यांतलें येथें काय कमी केलें आहे, हा एक प्रश्न हातीं धरला म्हणजे बाकीचे आपोआप सुचतात. जेथें कांहीं कमी केलेलें नाहीं ती शाळा मुलींची असो वा सर्वांची असो, चांगली.

दिवाळीच्या आधीं एके संध्याकाळीं मुलगी घरीं येऊन सांगूं लागली कीं, आज बाईंनीं कांद्याच्या पापुद्र्याचा तुकडा भिंगाखालीं ठेवला आणि प्रत्येकीस पाहूं दिला. त्यांत विटांसारख्या ओळी दिसतात. आजीनें हातांतील कांदा खालीं ठेवून विचारलें, "खरेंच ?" ती पेटी त्यानंतर किती वेळां उघडली याची नोंद आईच्या वहींत आहे. आजवर चारदां. पुढल्या सभेंत तो आंकडा पुन्हां विचारला जाईल.